एर्लेंदुर वाचून झाला, आता पुढे काय?

तुमचे प्रश्न तीन आहेत. आइसलँडच्या अर्नाल्डुर इंद्रिदासोनच्या, एर्लेंदुर या पोलीस अधिकाऱ्याच्या दोन रहस्यकादंबऱ्या इंग्रजीतून वाचल्या, आता पुढे काय वाचायचं? त्यातली आइसलँडिक नावं लक्षात कशी ठेवायची? आणि पन्नाशीला आल्यावर आइसलँडिक शिकायला घेणं हा वेडेपणा आहे का? उलट्या क्रमाने सांगतो.

वेडेपणा आहेच, पण मराठी माणसाला तो जरा स्वस्तात पडतो. इंग्रजीभाषकांसाठी लिहिलेली पुस्तकं पहिल्या धड्यापासून घाबरवतात: तीन लिंगं, चार विभक्त्या, नामाची रूपं सारखी बदलणार. आपलं आयुष्य यातच गेलंय. तिकडे घोडा म्हणजे 'हेस्तुर'. 'घोड्याबद्दल' म्हणायचं तर 'हेस्त', 'घोड्यापासून' म्हणायचं तर 'हेस्ती', 'घोड्याकडे' म्हणायचं तर 'हेस्त्स'. आपण 'स, ला, ते' घोकलं तशी तिथली मुलं या चार रूपांची ओळ घोकतात. मला खरा धक्का बसला तो आकड्यांपाशी. आइसलँडिकमध्ये एक ते चार हे आकडे लिंगानुसार बदलतात आणि पाचपासून बदलत नाहीत. आता आपलं बघा: दोघे-दोघी, तिघे-तिघी, चौघे-चौघी, आणि मग थेट पाचजण! शिवाय एक बाई आणि एक पुरुष मिळून असतील तर तिथे सर्वनाम नपुंसकलिंगी अनेकवचनी येतं. आपण नवराबायकोला 'ती दोघं' म्हणतो तसंच. हे इंग्रज माणसाला समजावायला अर्धा तास लागतो. तुम्हाला एका ओळीत कळलं.

उच्चार मात्र छळतात. दोन एल एकत्र आले की बहुतेक वेळा 'ट्ल' होतो, म्हणून हिमनदी 'योकुट्ल'. २०१० साली ज्या ज्वालामुखीने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली, त्याच्या नावाचं शेपूट हेच. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्यायचा, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं. आइसलँड विद्यापीठाचा 'आइसलँडिक ऑनलाइन' हा अभ्यासक्रम फुकट आहे, तिथून सुरुवात करा. शब्दांची सगळी रूपं दाखवणारं आर्नी माग्नुसोन संस्थेचं संकेतस्थळही उघडं ठेवा. सहा वर्षांनंतरही माझं पान त्याच्याशिवाय उलटत नाही. बोलायचं म्हणाल तर माझी बोंब आहे, आणि तिकडे मी कधी गेलेलोही नाही.

शब्द घडवण्याची त्यांची हौस तुम्हाला ओळखीची वाटेल. संगणकाला ते 'टोल्वा' म्हणतात: 'ताला' म्हणजे संख्या आणि 'व्होल्वा' म्हणजे भविष्य सांगणारी बाई, यांचा जोड. टेलिफोनसाठी त्यांनी धागा या अर्थाचा एक विसरलेला जुना शब्द उकरून काढला, 'सीमी'. आपल्याकडे राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांपर्यंत हाच उद्योग झाला. 'महापौर' आणि 'दिनांक' रुळले, 'दूरध्वनी' कागदावर राहिला. तो लोकांच्या तोंडी बसला नाही याचं कारण माझ्या मते लांबी. 'सीमी' म्हणायला 'फोन'पेक्षा फार जास्त श्वास लागत नाही.

आता नावं. इंद्रिदासोन हे आडनाव नाही, तो 'इंद्रिदीचा मुलगा' आहे. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, ते शेवटी लावतात, आणि त्यापुढे आडनाव बहुतेकांना नसतंच. म्हणून तिथे लेखक पहिल्या नावाने ओळखला जातो आणि यादीतही त्याच नावाने लागतो. तुम्हीही अर्नाल्डुरच म्हणा, त्यात उद्धटपणा नाही. अपवाद कादंबरीकार हाल्दोर लाक्सनेसचा. तो जन्माने गुद्योनसोन, पण ज्या शेतवाडीवर वाढला तिचं नाव त्याने लावलं. आपल्या 'कर' लावणाऱ्यांसारखंच. आणि एर्लेंदुर या शब्दाचा अर्थच 'परदेशी', 'परका' असा आहे. आता त्या एकलकोंड्या पोलीस अधिकाऱ्याकडे पुन्हा एकदा बघा. लहानपणी हिमवादळात हरवलेला त्याचा भाऊ आठवतोय ना?

पुस्तकांकडे येतो. एर्लेंदुरची मालिका 'पहिल्यापासून' वाचायच्या फंदात पडू नका. 'जार सिटी' हे मुळातलं तिसरं पुस्तक, इंग्रजीत तिथूनच सुरुवात झाली. 'सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह' राहिलं असेल तर आधी ते. २००५ सालचा गोल्ड डॅगर हा रहस्यकादंबरीचा ब्रिटिश पुरस्कार त्यालाच मिळाला. वाढदिवसाच्या घरात एक तान्हं बाळ काहीतरी चघळत बसलंय आणि ते माणसाचं हाड निघतं, अशी सुरुवात आहे. जिथे वर्षाचे खून बोटांवर मोजता येतात त्या देशात रहस्यकथा खुन्यापेक्षा घरातल्या दाबून ठेवलेल्या गोष्टींभोवती फिरते, हे त्यात नीट दिसतं.

त्यानंतर मात्र रहस्यकथा बाजूला ठेवून सरळ लाक्सनेस घ्या. 'इंडिपेंडंट पीपल', जे. ए. थॉम्पसनचं भाषांतर. मूळ दोन भागांत, १९३४ आणि १९३५ सालचं. लेखकाला १९५५ साली नोबेल मिळालं. बियार्तुर नावाचा मेंढपाळ अठरा वर्षं दुसऱ्याच्या मेंढ्या राखून स्वतःची खडकाळ वाडी घेतो आणि पुढे कुणाचंही देणं लागणार नाही या एका हट्टापायी घरच्यांचे हाल हाल करतो. पहिल्या महायुद्धात मांस-लोकरीचे भाव चढतात, मग हाही कर्ज काढून सिमेंटचं घर बांधतो. भाव कोसळतात. त्यातली सहकारी संस्था, पुढारी आणि लिलाव वाचताना मला विदर्भ-मराठवाड्यातल्या बातम्या आठवत राहिल्या. आइसलँड आठवायला पाऊस आणि मेंढ्या पुरेशा होत्या. पहिली शंभर पानं जड जातात, जाऊ द्या. आणि हे पुस्तक खूप हसवतंही, हे कुणी आधी सांगत नाही.

हलकं काही हवं तर स्योनचं 'द ब्लू फॉक्स', एका बैठकीत होतं. आउदुर आवाचं 'हॉटेल सायलेन्स'ही चांगलं आहे. योन कालमनचं गद्य अनेकांना प्रिय आहे, मला ते जरा जास्त गोड लागतं.

सागा, म्हणजे तिथल्या जुन्या गद्यकथा, शेवटी, पण चुकवू नका. 'न्याउल्स सागा' साधारण १२८०ची, म्हणजे आपल्या लीळाचरित्राच्याच काळातली, आणि तिचं गद्यही तसंच तुटक, भावना न सांगणारं. तिथला आजचा वाचक शुद्धलेखन आधुनिक केलेली प्रत टिपांच्या आधाराने वाचू शकतो. आपण मात्र लीळाचरित्र उघडतो तेव्हा घाम फुटतो. अशाच जुन्या हस्तलिखितांतली पहिली दोन डेन्मार्कने २१ एप्रिल १९७१ रोजी नौदलाच्या जहाजातून परत पाठवली, तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर लोकांची गर्दी लोटली होती.

वंशावळींची पानं पहिल्यांदा सरळ ओलांडा. न्याउल्स सागातल्या गुन्नार या वीराच्या शेवटच्या लढाईपर्यंत पोचा: शत्रूंनी घर घेरलंय, धनुष्याची दोरी तुटलीय, तो बायकोकडे केसांच्या दोन बटा मागतो. ती त्याने कधीकाळी मारलेल्या थपडेची आठवण करून देते आणि नाही म्हणते. पहिल्या वाचनात मी तिला शिव्या घातल्या होत्या. दुसऱ्या वाचनात नाही घालता आल्या.