ग्लायकोलिक, सॅलिसिलिक ही ॲसिडं चेहऱ्यावर नेमकं काय करतात? खानदेशातल्या उन्हात ती लावावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, चेहरा तेलकट, नाकावर आणि हनुवटीवर ब्लॅकहेड्स, पिंपल्स बसल्यावर मागे राहिलेले तपकिरी डाग. रोज स्कूटीवर भुसावळहून जळगावला जाणं-येणं. तीन महिन्यांनी, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की लग्न. दुकानदारानं तीन बाटल्या दाखवल्या: सॅलिसिलिक २ टक्के, ग्लायकोलिक १० टक्के आणि ३० टक्क्यांचं लालभडक पील (लावून थोड्या वेळानं धुवायचं जोरदार ॲसिड). कोणती घेऊ, त्वचा पातळ होईल का, आणि आई म्हणते तसं लिंबू-दहीच बरं का?

माझं मत आधी सांगतो. सॅलिसिलिक २ टक्के घ्या, आठवड्यातून दोनच रात्री लावा, पील दुकानातच राहू द्या. आता हे का, ते सविस्तर.

चेहऱ्याच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. पेशींची पंधराएक पदरांची थप्पी, तरी कागदाहून पातळ. या पेशी प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी एकमेकींना धरून असतात. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. पिंपल्सच्या त्वचेत छिद्राच्या तोंडाशी हे टाके वेळेवर सुटत नाहीत. सुटायच्या पेशी आणि तेल मिळून तिथं बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं की त्यातलं मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) आणि हवा लागलेलं तेल काळं दिसतं, तोच ब्लॅकहेड. वरून बसलेला मळ नसल्यामुळे तो स्क्रबनं कितीही घासला तरी जात नाही.

रावेर-यावलकडची केळीची बाग पाहिली असेल तर हे चटकन कळेल. खोडाची बाहेरची सोपटं वाळून सुटी झालेली असतात, हात लावला की निघतात. त्याच्या आतलं हिरवं सोपट ओढलं तर खोडाला इजा होते आणि रस गळायला लागतो. ॲसिडचं काम वाळलेल्या सोपटाचा धरलेला कोपरा सोडवण्यापुरतं आहे. जळजळ, लाली, चकचकीत ताणलेला चेहरा, म्हणजे तुम्ही हिरव्या सोपटापर्यंत पोचलात.

ॲसिड पेशी जाळत नाही, टाके सैल करतं. ग्लायकोलिक (उसातही असतं), लॅक्टिक (दह्यातलं) आणि मँडेलिक (कडू बदामातून मिळालेलं) ही एएचए (अल्फा हायड्रॉक्सी ॲसिड) कुळातली, पाण्यात विरघळणारी. ती पृष्ठभागावरच्या टाक्यांवर काम करतात. टाके घट्ट राहायला कॅल्शियम लागतं, ते ही ॲसिडं ओढून घेतात, हे त्यामागचं एक कारण मानतात. १९७४ मध्ये अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू यांनी इक्थिओसिस या आजारात, ज्यात त्वचेवर माशासारखे खवले येतात, ही ॲसिडं वापरून दाखवली. चेहऱ्याच्या बाटल्या त्यानंतर आल्या. सॅलिसिलिक हे बीएचए (बीटा हायड्रॉक्सी ॲसिड), आणि ते तेलात विरघळतं. म्हणून ते तेलानं भरलेल्या छिद्रात उतरतं आणि बूच आतून सैल करतं. शिवाय ॲस्पिरिनच्या कुळातलं असल्यामुळे सूजही थोडी कमी करतं. तुमची मुख्य तक्रार ब्लॅकहेड्सची, म्हणून सॅलिसिलिक.

एएचएमध्ये रेणूचा आकारही बघावा लागतो. ग्लायकोलिक सगळ्यात लहान, म्हणून झपाट्यानं आत जातं आणि चरचरतंही तेच जास्त. मँडेलिकचा रेणू त्याच्या साधारण दुप्पट वजनाचा, सावकाश जातो. सावळ्या, डाग पडण्याची सवय असलेल्या त्वचेला एएचएच लावायचं असेल तर म्हणूनच मी मँडेलिक किंवा लॅक्टिक आधी सुचवतो.

आता बाटलीवरचे टक्के. इथंच बहुतेक जण फसतात. ॲसिडचा जो भाग मोकळा असतो तोच त्वचेत शिरतो, आणि किती मोकळा हे पीएचवर (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ठरतं. ग्लायकोलिकसाठी पीएच ३.८ ला निम्मं मोकळं असतं. म्हणजे १० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच ३.८ असेल तर खरं काम करणारं ॲसिड ५ टक्क्यांच्या आसपास. त्याच १० टक्क्यांचा पीएच ५ असेल तर मोकळं ॲसिड जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या वर, म्हणजे पीएच ३.८ ची ५ टक्क्यांची बाटली त्याहून कितीतरी जोरदार. ३० टक्क्यांच्या पीलचा पीएच ३.६ असेल तर मोकळं ॲसिड जवळजवळ १९ टक्के! दहा मिनिटांनी धुवायचं म्हटलं तरी घरी, घड्याळ न बघता, आधीच खरचटलेल्या चेहऱ्यावर हा प्रयोग नको. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीनं घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिकची मर्यादा १० टक्के आणि पीएच किमान ३.५ अशी ठेवली, तीही उन्हापासून संरक्षणाच्या अटीवर. पार्लरसारख्या ठिकाणी प्रशिक्षित हातांसाठी ३० टक्के आणि पीएच किमान ३. बाटलीवर पीएच नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतात तशा पीएच पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, एक थेंब टाकून रंग जुळवून बघा.

लिंबाचं म्हणाल तर ते साफ नको. रसाचा पीएच दोनच्या आसपास, त्यात सायट्रिक ॲसिड पाच-सहा टक्के. वर त्यात सोरालेन नावाची द्रव्यं असतात, ती अंगावर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्महिने काळे पट्टे राहतात. दह्यात लॅक्टिक ॲसिड टक्काभर, पीएच साडेचारच्या जवळ, त्यामुळे मोकळं ॲसिड त्याचा पाचवा हिस्सा. नुकसान फारसं नाही, फायदाही फारसा नाही. आईनं लावलं तर लावू द्या, ब्लॅकहेड्स मात्र त्यानं जाणार नाहीत.

लावायची पद्धत. पहिल्या तीन रात्री फक्त कानाखाली जबड्यावर एक थेंब. काही झालं नाही तर पुढे. रात्री सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा. बोअरचं जड पाणी आणि अंगाचा साबण मिळून चेहऱ्यावर जो थर बसतो त्यानं त्वचा आधीच रखरखीत होते, म्हणून साबण बंद. टॉवेलनं टिपा, मग दहा मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत ॲसिड जास्त शिरतं, आणि पहिल्याच रात्री भाजलं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथंच चुकलेले असतात. ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कोपऱ्यांवर, डोळ्यांखाली व्हॅसलिनचं बोट फिरवा. सगळ्या चेहऱ्याला तीन-चार थेंब, टी झोनला (कपाळ, नाक, हनुवटी) जरा जास्त. पाच मिनिटांनी साधं मॉइश्चरायझर. लावून ठेवायच्या सीरमवर सोडा वगैरे लावून 'ॲसिड मारायची' गरज नाही, तो प्रकार डॉक्टरांच्या ग्लायकोलिक पीलचा. मिनिटभर मुंग्या आल्यासारखं वाटणं चालतं, दोन मिनिटांनंतरही आग होत असेल तर गार पाण्यानं धुऊन टाका.

मंगळवार-शुक्रवार असे दोन वार ठरवा. तीन आठवडे चेहरा शांत राहिला तर तीन वार. त्याहून जास्त नको. ज्या रात्री ॲसिड, त्या रात्री रेटिनॉल किंवा ॲडापलिनचं (व्हिटॅमिन ए कुळातली द्रव्यं) क्रीम नाही, स्क्रब कधीच नाही. थ्रेडिंग, व्हॅक्स, ब्लीच असेल तर त्याआधी आणि नंतर पाच दिवस ॲसिड बंद. सैल झालेली त्वचा व्हॅक्सबरोबर निघून येते, वरच्या ओठावर असे काळे चट्टे पडतात ते बहुधा यामुळेच.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत जिथं नेहमी पिंपल्स येतात तिथं थोडे जास्त येऊ शकतात, आत दबलेली बुचं वर येतात म्हणून. कधीच न आलेल्या ठिकाणी, गालभर बारीक पुरळ आणि खाज येत असेल तर ती ॲलर्जी किंवा भाजणं समजा आणि थांबा. ब्लॅकहेड्सना सहा ते आठ आठवडे, तपकिरी डागांना तीन महिने धरा. खड्डे भरत नाहीत, ते या बाटलीचं कामच नाही.

त्वचा पातळ होते का? मेलेला थर थोडा कमी होतो, एवढंच. खालच्या जिवंत थरात उलट एएचएच्या दीर्घ वापरानं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पातळ होते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडच्या 'गोरेपणाच्या' ट्यूबनं. तशी ट्यूब तुम्ही सध्या लावत असाल तर ॲसिडला हात लावू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञ. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको, आणि दिवस राहिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि ऊन. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, तो सगळ्यांना जाणवतो. डाग मात्र अतिनील किरणांनी पडतात, आणि ते फेब्रुवारीतही असतात. एएचएनं त्वचा उन्हाला हळवी होते, बाटली बंद केल्यावरही आठवडाभर तशीच राहते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत किंचित भाजलं तरी त्या जागी रंग साचतो. डाग घालवायला निघालेली मुलगी दुप्पट डाग घेऊन बसते ते असं. म्हणून एसपीएफ ५० चं सनस्क्रीन दोन बोटांवर लांब ओळ काढून घ्या, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. जळगावात पोचल्यावर, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. स्कूटीवरचा स्कार्फ बांधाच, पण सुती आणि रोज धुतलेला. घामानं ओला सिंथेटिक कापडाचा स्कार्फ गालावर पंचवीस किलोमीटर घासत राहिला की तिथं नवे पिंपल्स येतात आणि दोष ॲसिडला दिला जातो.

आत्ता थंडी आहे, सुरुवातीला वेळ चांगली. चैत्र लागला की आठवड्यातून एकच रात्र करा. हळदीच्या सात दिवस आधी पूर्ण बंद, कारण ओली हळद चोळून लावतात, आणि टाके सैल झालेल्या चेहऱ्यावर ती इतकी झोंबते की फोटोत लालीच दिसेल.