आधी ट्यूब, मग वायर, सेन्सर शेवटी

प्रश्न : कोल्हापुरातल्या राजारामपुरीत आम्ही स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. हॉल २४ फूट खोल, खिडक्या एकाच बाजूला. चोकच्या जुन्या १६ ट्यूब सकाळी ७ ते रात्री ९ चालू असतात. बिल कमी व्हावं म्हणून मोशन सेन्सर बसवले, तर मुलं वाचत असतानाच दिवे जातात. मग कुणीतरी उठून हात हलवायचे! सेन्सर खराब निघाले का? – एक विश्वस्त

उत्तर : सेन्सर ठीक आहेत, जागा चुकली. हा पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. राज्यसेवेचं पोरगं मान खाली घालून बसलं की पान उलटण्यापुरतंच हलतं. सेन्सरच्या लेखी खुर्ची रिकामी. तेच सेन्सर काढून स्वच्छतागृहात आणि जिन्यात लावा, तिथं चोख काम देतील. हॉलसाठी दुकानदार मायक्रोवेव्ह सेन्सर गळ्यात मारेल. तो बारीक हालचालही टिपतो, पण काचेपलीकडचीसुद्धा. व्हरांड्यात कुणी चहा पीत उभं राहिलं की आत रिकाम्या हॉलमध्ये लखलखाट.

आता हिशेब करू. ३६ वॅटची ट्यूब चोकसकट साधारण ४८ वॅट खाते. १६ ट्यूब, १४ तास, म्हणजे रोज पावणेअकरा युनिट. त्याच जागी २० वॅटच्या एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारख्या लांब पट्ट्या, लावल्या तर साडेचार. सव्वासहा युनिट इथंच वाचली, सेन्सरला हातही न लावता.

दुसरं काम वायरमनचं. आपल्याकडं बहुतेक हॉलमध्ये एका बटणावर खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतची अख्खी ओळ असते. खिडकीजवळची ट्यूब बंद करायची म्हटलं की आतल्या कोपऱ्यातला अंधारात. म्हणून ओळी खिडकीला समांतर करून घ्या, प्रत्येकीला वेगळं बटण. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत उजेड वाचायच्या कामाचा. कड ७ फुटांवर असेल तर १४ फूट. उरलेल्या १० फुटांत दिवसाही दिवा लागणारच, त्याचा नाद सोडा. खिडकीकडच्या दोन ओळींत मिळून आठ बॅटन असतील आणि त्या दिवसा आठ तास बंद राहिल्या, तर आणखी सव्वा युनिट वाचतं.

एवढ्यासाठी उजेडाचा सेन्सर घ्यावा का? मी घेईन, पण स्वस्तातला, आणि तो आपल्या पावसाळ्यामुळं. जुलैत भर दुपारी आभाळ काळंकुट्ट होतं, तेव्हा कुणीही उठून दिवा लावतं. तासाभरानं उघडलं की बंद करायला मात्र कुणी उठत नाही. सेन्सर छतावर, टेबलाकडं तोंड करून बसवा. टेबलावर ३०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड असला की वाचायला पुरतो. बंद व्हायचा आकडा चालू व्हायच्या आकड्यापेक्षा बराच वर ठेवा आणि मध्ये काही मिनिटांचा अवधी द्या. नाहीतर दिवा लागला की सेन्सर त्याचाच उजेड मोजून तो विझवतो, पुन्हा लावतो, आणि मुलं वैतागून पुस्तक मिटतात.

बाकी, खिडकीबाहेर उजेड अडवणारा फ्लेक्स आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोल्हापुरात असायचाच. वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवायला वायरमन नाही, धाडस लागतं. आणि पंखे जुने ७५ वॅटचे असतील तर पाच पंखे तुमच्या नव्या सगळ्या बॅटनपेक्षा जास्त वीज खातात. त्यांच्याकडंही बघा.

प्रश्न : हुपरीत चांदीकामाचं नवं शेड बांधतोय. ‘खिडक्या उत्तरेला ठेवा, ऊन कधीच येणार नाही,’ असं मिस्त्री म्हणतात. खरं का? – एक कारागीर

उत्तर : दिशा बरोबर, ‘कधीच’ चूक. आपण साधारण पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत किंचित उत्तरेकडं असतो. हे दुपारचं ऊन वरचं छज्जं अडवतं. त्रास सकाळ-संध्याकाळचा. उन्हाळ्यात सूर्य उगवतो आणि मावळतो तो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला, त्यामुळं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत घुसतं आणि पॉलिश केलेल्या चांदीवरून थेट डोळ्यात जातं. त्यासाठी खिडकीच्या दोन्ही अंगांना हातभर पुढं आलेल्या उभ्या पट्ट्या बांधून घ्या. जूनपासून ढग असतात, तेव्हा खरी कसोटी मे महिन्यातच. छत आतून पांढरं रंगवा आणि पत्र्याला जास्त पारदर्शक शीट लावायचा मोह टाळा. उजेड येईल, पण भट्टीच्या जोडीला वरूनही शेक बसेल.

प्रश्न : अपार्टमेंटच्या जिन्यात सेन्सरचे बल्ब लावले, ते दिवसाही कुणी गेलं की लागतात. – एक चेअरमन

उत्तर : बल्ब वेगळा असेल तर सेन्सरवर बहुधा दोन-तीन छोटे स्क्रू असतात, त्यांतला सूर्य-चंद्राचं चित्र असलेला चंद्राकडं फिरवा. सगळं एकाच बल्बमध्ये असेल तर तशी सोय सहसा नसते. जिन्याला जाळी असेल आणि दिवसा पायरी दिसत असेल, तर जिन्यातल्या दिव्यांच्या मेन बटणावरच एक टायमर टाका, संध्याकाळी सहा ते सकाळी सात.