गावाला जाताना एसी चालू ठेवायचा का?

प्रश्न: आम्ही नागपुरात राहतो, मे महिन्यात दहा दिवस कोकणात जाणारे. शेजारचे काका म्हणतात एसी 30 वर चालू ठेवा, नाहीतर भिंती तापतात आणि आल्यावर गार करायला जास्त बिल येतं. खरंय का?

उत्तर: नाही हो, अजिबात चालू ठेवू नका. बाहेर 45 आणि आत 30 असलं की उष्णता सतत आत येतच राहते आणि एसी ती दहा दिवस बाहेर फेकत बसतो, बंद ठेवला तर घर तापतं पण एका मर्यादेपर्यंतच, आल्यावर ते एकदा गार करायला लागणारी वीज त्यापेक्षा खूपच कमी. रिमोटने बंद करून भागत नाही, एसीचा एमसीबी (त्याच्या वीजजोडणीचा मुख्य खटका) खाली पाडून बंद करा, कारण स्टॅबिलायझर चालू राहिला तर तोही थोडी वीज खातो. फ्रिजचा एमसीबी मात्र चुकून पाडू नका! पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे नक्की ओढा, याने खरंच फरक पडतो. आल्यावर संध्याकाळी आधी खिडक्या उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, फिल्टर धुवा, मग 24 ला लावा, 16 ला लावून खोली लवकर गार होईल असं नाही. घरात मांजर किंवा कुत्रा मागे राहणार असेल तर बिलाचा विचारच सोडा, त्यांना कोणाकडे तरी ठेवा, वीज गेली तर बंद घरात त्यांचे फार हाल होतात.