सिंगल काढताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बँडचं पहिलं सिंगल (अल्बमशिवाय एकटं निघणारं गाणं) घरी किंवा सरावाच्या खोलीत रेकॉर्ड करून प्रसिद्ध करणाऱ्यांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. त्यांतले सगळ्यांच्या उपयोगाचे इथे घेतले आहेत.

स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या खणखणीत वाजणाऱ्या ड्रमचा) माइक एकटा ऐकला की आवाज भरदार येतो. ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले माइक) सुरू केले की तोच स्नेअर पत्र्यासारखा वाजतो. इक्यू करून (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करून) पाहिलं, फरक पडत नाही. (कोल्हापूर)

हा फेजचा घोळ आहे, इक्यूने सुटणार नाही. स्नेअरचा आवाज जवळच्या माइकपर्यंत लगेच पोचतो, डोक्यावरच्या माइकपर्यंत उशिरा. हवेत १ मीटर जायला आवाजाला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की एका लहरीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि १५० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यातली, म्हणजे नेमकी स्नेअरची जाडी कापली जाते.

रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर मिक्स मोनो करा (डावी-उजवी बाजू एकत्र करा), स्नेअरच्या ट्रॅकवरचं पोलॅरिटीचं (लहर उलटी करणारं) बटण दाबून-सोडून ऐका आणि ज्या स्थितीत खालचा आवाज जास्त भरतो ती ठेवा. किकसाठीही (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसाठी) तेच करा. बऱ्याचदा एवढ्यावर निम्मं काम होतं.

पुन्हा रेकॉर्ड करणार असाल तर सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दोन्ही ओव्हरहेड त्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर लावा, म्हणजे स्नेअर मधोमध बसतो. छत ८-९ फुटांचं असेल तर माइक छताला चिकटवू नका. छतावरून परतणारा आवाज त्यात मिसळतो. माइकच्या वर जाड गादी किंवा दोन-तीन गोधड्या टांगा. गेन (माइकचा आवाज किती जोरात घ्यायचा ती पातळी) ठरवताना ड्रमरला गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवायला सांगा आणि पीक (सगळ्यात मोठा ठोका) उणे १० डीबीच्या (डेसिबलच्या) वर जाऊ देऊ नका. प्रत्यक्ष टेकमध्ये हात नेहमी आणखी जोरात पडतो, आणि क्लिप झालेला (मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला) स्नेअर पुढे कोणी दुरुस्त करून देऊ शकत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी ड्रम सुरात लावा. किल्लीने समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने कसा आणि प्रत्येक बोल्टजवळ टिचकी मारून सूर सारखा येतोय का ते ऐका. जुनाट, खड्डे पडलेलं हेड (ड्रमवरचा ताणलेला पडदा) बदलण्याचा खर्च महागड्या माइकपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतो, असं आमचं ठाम मत आहे.

दोन गिटार आणि बेस एकत्र आले की नुसता गोंगाट. गिटारचा ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला, तरी रुंद वाटत नाही. (नाशिक)

एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मध्येच राहतो, फक्त मोठा होतो. रुंदी येते ती दोन वेळा वाजवण्यातल्या बारीक फरकातून. तोच भाग दुसऱ्यांदा वाजवा. एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. स्टेजवर ठेवता त्यापेक्षा डिस्टॉर्शन (गिटारच्या आवाजातला खरखरीत फाटकेपणा) बरंच कमी ठेवा, कारण दोन थर एकमेकांवर आले की ते आपोआप दाट होतं.

गोंगाट खालच्या पट्ट्यात होतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, बेसची ४१ वर. म्हणजे नेहमीच्या ट्युनिंगमध्ये गिटारच्या ट्रॅकवर ८० च्या खाली सूरच नसतो, असते ती स्पीकरची घरघर. तिथे हाय-पास (ठरावीक पट्टीच्या खालचा आवाज अडवणारा फिल्टर) लावा. ड्रॉप डी (जाड तार एक स्वर खाली उतरवलेलं ट्युनिंग) असेल तर ती तार ७३ वर उतरते, हाय-पास त्याच्या खाली ठेवा. अँपबरोबर डीआय (अँपशिवाय थेट गिटारमधून घेतलेला) ट्रॅकही घ्या. नंतर आवाज पटला नाही तर पुन्हा वाजवावं लागत नाही.

मिक्स करणाऱ्याने फाइल्स परत पाठवल्या. 'जुळत नाहीत' म्हणाला. (सांगली)

प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढा, मग सोलो चौथ्या मिनिटाला का येईना. २४ बिट वेव्ह, सगळ्यांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) एकच. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजवली तर ती सुमारे ९ टक्के जास्त वेगाने पळते आणि सूरही चढतो. मास्टरवरचा (सगळ्या ट्रॅकच्या एकत्रित आवाजावरचा) लिमिटर (मोठे ठोके चेपून आवाज मर्यादेत ठेवणारं साधन) काढा. टेम्पो, पट्टी आणि तुमचा कच्चा मिक्स सोबत द्या. तुम्हाला काय ऐकू येतंय ते त्याला कच्च्या मिक्सवरूनच कळतं.

मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) खूप जोरात करून घेतला, तरी स्पॉटिफायवर आमचं गाणं इतरांपेक्षा बसकं वाटतं. (पुणे)

जोरात केला म्हणूनच बसकं वाटतं. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी उणे १४ लफ्सच्या (गाणं एकूण किती जोरात ऐकू येतं त्याचं माप) पातळीवर आणतं. तुमचा मास्टर उणे ७ चा असेल तर तो ७ डीबीने खाली येतो. आवाज खाली आला, पण लिमिटरने चेपलेले ड्रम चेपलेलेच राहिले. म्हणून शेजारचं गाणं जास्त उसळतं. रॉकला थोडी दाटी लागते, त्यामुळे उणे १४ च गाठण्याचा हट्ट नको. उणे १० च्या आसपास ड्रमचा ठोका जिवंत राहतो का ते पाहा. मास्टर उणे १४ पर्यंत असेल तर ट्रू पीक (वाजताना आवाज प्रत्यक्षात गाठतो ते टोक) उणे १ ठेवा. त्याहून जोरकस मास्टरसाठी स्पॉटिफायचा सल्ला उणे २ चा आहे, कारण फाइल दाबून लहान करताना पीक वाढतात. तुलना करताना दोन्ही गाण्यांचा आवाज आधी सारखा करून घ्या.

मर्ढेकरांची कविता रॉकमध्ये करायची आहे. तुकोबांचा एक अभंगही मनात आहे. परवानगी लागेल का? (ठाणे)

आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे २०१७ पासून त्यांची कविता खुली आहे. केशवसुत, बालकवी, भा. रा. तांबे यांचंही तसंच. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली. मरणोत्तर प्रकाशन धरून हिशेब केला तरी २०१३ पासून ती खुली. कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले, त्यांच्यासाठी २०५९ अखेरपर्यंत परवानगी हवीच. कविता खुली असली तरी कवीचं नाव घालायचं, हे सांगायला नको.

अभंगाचे शब्द तुकोबांचे, त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. पण तुमच्या डोक्यात घुमणारी चाल कोणाची आहे ते शोधा. ती एखाद्या संगीतकाराची असेल तर त्या चालीवर हक्क असू शकतो. सगळ्यात उत्तम म्हणजे आपली चाल बांधा.

हयात कवीकडून हक्क घेताना कागद नीट करा. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणं जगभर ऐकलं जाणार आहे, तेव्हा दोन्ही स्पष्ट लिहा आणि रॉयल्टीचा वाटाही.

रिलीजची तारीख ठरवून पोस्टर टाकलं, आणि गाणं दुसऱ्याच बँडच्या पानावर उतरलं! (मडगाव)

सारख्या नावाचे बँड असले की हे होतं. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे) गाणं चढवताना आपलं आधीचं आर्टिस्ट पान असेल तर त्याची लिंक द्या, नसेल तर 'नवीन कलाकार' निवडा. आता लगेच डिस्ट्रिब्युटरला कळवा.

पुढच्या वेळी किमान ४ आठवडे हातात ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते रिलीजच्या निदान ७ दिवस आधी करावं लागतं, आणि त्यासाठी गाणं तिथे आधी पोचलेलं हवं. वार शुक्रवार, २०१५ पासून जगभर तोच चालतो. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर, किंमत, वेबसाइट काही नको. शीर्षकात 'ऑफिशियल', 'नवं गाणं' असलं काही लिहिलं तर फाइल परत येते.

१२ अक्षरांचा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) डिस्ट्रिब्युटर देतो. तो वहीत उतरवून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच द्या, म्हणजे आधीची ऐकणी जोडलेली राहतात. नवा मिक्स किंवा छोटी आवृत्ती काढलीत तर मात्र नवा कोड. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घेऊन गाणं तिथे नोंदवावं. तो पैसा डिस्ट्रिब्युटरमार्फत येत नाही.

सहा मिनिटांचं गाणं सिंगल म्हणून चालेल? (सातारा)

चालेल. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक ऐकणं मोजलं जातं. त्यापुढे लांबीने हिशेब बदलत नाही. १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर मात्र पैसे मिळत नाहीत. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन या बँडने १९७५ साली ५ मिनिटं ५५ सेकंदांचं सिंगल न कापता काढलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लांबी नव्हे, रेंगाळणं कापा: मुखड्याआधीची सुरुवात दीड मिनिटाची असेल तर तिच्याकडे पुन्हा पाहा.

आमच्याच यूट्यूब चॅनेलवर आमच्याच गाण्याचा कॉपीराइट दावा आला. (अमरावती)

तुम्ही डिस्ट्रिब्युटरकडे कंटेंट आयडी (आपलं गाणं कोणाच्या व्हिडिओत आहे ते शोधून आपोआप दावा लावणारी यूट्यूबची सोय) सुरू केलाय. त्याला चॅनेलची लिंक देऊन सूट मागा, दावा निघेल. पण गाण्यात फुकट मिळालेला लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा) वापरला असेल तर कंटेंट आयडी बंदच करा, कारण तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे जातात.