ट्रक अर्ध्या वाटेतून परत फिरले ते घर

प्रश्न: स्कॉटलंडमधलं डमफ्रीज हाऊस ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी युवराज असताना वाचवलं म्हणतात. पण घर काही पडायला आलं नव्हतं ना, मग वाचवलं म्हणजे नेमकं काय केलं? आणि एवढे पैसे एका श्रीमंताच्या घरावर का घालायचे?

उत्तर: प्रश्न आवडला, कारण बऱ्याच जणांना वाटतं की छप्पर गळत होतं वगैरे. तसं काहीच नव्हतं. आधी गंमत सांगतो, एअरशायरमध्ये कमनॉकजवळचं हे घर पाचव्या अर्ल ऑफ डमफ्रीजने (अर्ल म्हणजे सरदारांचा एक किताब) 1754 ते 1759 मध्ये बांधलं, डिझाइन अॅडम बंधू या स्कॉटिश वास्तुविशारदांचं, त्यांतला रॉबर्ट तेव्हा अजून प्रसिद्ध व्हायचा होता. अर्लची बायको 1755 ला वारली, घर चकाचक करून दुसरं लग्न करायचं आणि वारस मिळवायचा असा बेत होता म्हणतात, लग्न झालं पण वारस काही झाला नाही बिचाऱ्याला. पुढे घर ब्यूट या सरदार घराण्यात गेलं, त्यांना घरांची काय कमी, इथे फार कोणी राहिलंच नाही, आणि म्हणूनच सगळं सामान जागच्या जागी टिकलं! सामान म्हणजे लंडनचा अठराव्या शतकातला नामांकित फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेल याचं फर्निचर आणि एडिनबराच्या सुतारांचं काम, वर त्याची मूळ बिलंसुद्धा. कुठली खुर्ची कोणत्या खोलीसाठी बनली हे कळतं, असं फार क्वचित होतं.

2007 मध्ये मालकाने विकायला काढलं. जुलैमध्ये लिलाव ठरला, फर्निचरचे ट्रक लंडनच्या वाटेला लागलेसुद्धा आणि ऐनवेळी सौदा झाला. एकूण साडेचार कोटी पाउंड, त्यातले दोन कोटी चार्ल्सने आपल्या संस्थेमार्फत कर्ज काढून उभे केले, बाकी हेरिटेज फंड, स्कॉटिश सरकार, आर्ट फंड वगैरेंनी दिले. ट्रक मागे फिरवले. तर वाचवलं ते हे, भिंती आणि सामान यांची ताटातूट होऊ दिली नाही. एकट्या रोझवूडच्या बुककेसचीच किंमत दोन कोटी पाउंडपर्यंत जाईल असंही सांगितलं गेलंय, ती गेली असती तर खोलीत काय उरलं असतं, वॉलपेपर?

घर 2008 ला लोकांसाठी उघडलं. खरी मेहनत त्यानंतरची, चिपेंडेलच्या पलंगाला नवीन निळं रेशमी डमास्क (विणीतच नक्षी असलेलं कापड) लावलं, आणि पाच एकरांची भिंतीआडची बाग, जी नुसतं रान झाली होती, ती 2014 मध्ये पुन्हा उघडली. मला बागच जास्त आवडते, खरं सांगू तर.

पैशांचं म्हणाल तर राग समजतो. पण इथल्या कोळशाच्या खाणी बंद पडून लोक बेकार झाले होते, त्यांना या इस्टेटवर कामं आणि ट्रेनिंग मिळालं, नाही म्हणून कसं चालेल. मात्र सगळंच जमलं असंही नाही हां, कर्ज फेडायला शेजारी नॉकरून नावाची वसाहत बांधून घरं विकायची होती, आणि नेमकी 2008 ची मंदी आली. शेकड्यांनी घरं ठरली होती, उभी राहिली मोजकीच.