मुलाला दशांशाचा भागाकार येतो, पण शाब्दिक उदाहरणात अडतो. गुणोत्तर सुरू व्हायच्या आधी काय करावं?

तुमचा सहावीतला मुलगा ७.२ ÷ ०.९ न चुकता सोडवतो, आणि तेच गणित चार ओळींत लिहून आलं की ‘गुणू की भागू?’ विचारतो, असं तुम्ही लिहिलंय. मी याच वयाच्या मुलांचं गणित घेते. दशांशचिन्ह सरकवण्याचा सराव आणखी देऊ नका. रीत त्याला येतेच आहे, भागाकार कधी करायचा ते कळलेलं नाही.

आधी ‘प्रत्येकी’ दिसलं की भागायचं, ही युक्ती कोणी शिकवली असेल तर ती विसरायला लावा. ‘प्रत्येकी ०.८ मीटरचे १५ ब्लाउजपीस कापले, कापड किती लागलं?’ यात ‘प्रत्येकी’ आहे आणि करायचा आहे गुणाकार.

त्याऐवजी दोन प्रश्न वेगळे करून दाखवा. ७.५ लिटर दूध ५ घरांत सारखं द्यायचं, ही वाटणी. १२ मीटर कापडातून ०.८ मीटरचे किती तुकडे निघतील, हे ‘किती वेळा बसतं’. मुलांच्या डोक्यात भागाकार म्हणजे वाटणी एवढंच असतं, आणि ०.८ जणांत कोण काय वाटणार? त्यात भागलं की उत्तर लहानच येतं ही समजूत घट्ट. म्हणून बरीच मुलं १२ ला ०.८ ने गुणून ९.६ लिहून मोकळी होतात! आकडेमोडीआधी अंदाज करायला लावा. एकेक मीटरचे तुकडे केले असते तर १२ निघाले असते. आपला तुकडा आखूड आहे, म्हणजे बारापेक्षा जास्तच निघणार. चिन्ह का सरकतं तेही इथेच दाखवा: १२०० सेंटीमीटरमध्ये ८० सेंटीमीटर किती वेळा? कापड तेवढंच आहे, फक्त एकक बदललं.

खरी गंमत बाकीत आहे. १० मीटर कापड, एका कुर्त्याला २.२५ मीटर. १००० ÷ २२५ केलं की भाग ४, बाकी १००. काही मुलं खुशाल ‘१०० मीटर उरलं’ लिहितात. कॅल्क्युलेटरवाली ४.४४ बघून ‘०.४४ मीटर उरलं’ म्हणतात. चार कुर्त्यांना ९ मीटर गेलं, उरलं १ मीटर. ते १०० म्हणजे सेंटीमीटर, आणि ०.४४ म्हणजे न शिवलेल्या पाचव्या कुर्त्याचा हिस्सा. या एका उदाहरणावर अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

मग भावाची उदाहरणं घ्या. पाव किलो काजू २२० रुपयांना, तर किलोला किती? मूल सरळ चारने गुणून ८८० सांगतं. तेच २२० ÷ ०.२५ असं लिहायला लावा. (घरात कुणाला पावकी-पाऊणकी, म्हणजे पाव-पाऊणचे जुने पाढे, पाठ असतील तर त्यांनाही बोलवा, तेवढीच करमणूक.) एकाची किंमत काढायची ही एकमान पद्धत झाली, आणि इथून गुणोत्तर फार लांब नाही. किंबहुना १२ : ०.८ आणि १२० : ८ ही समान गुणोत्तरंच आहेत, चिन्ह सरकवताना त्याने नकळत तेच केलं होतं.

गुणोत्तर सुरू करण्याआधी एक चाचणी घ्या. ६ ÷ ०.४ साठी गोष्ट त्यालाच रचायला सांगा. ‘६ लाडू ०.४ मुलांना’ असं काही आलं तर गुणोत्तर थोडं थांबू द्या.

गुणोत्तरात मुलं फरकाकडे बघतात. ३ : २ ला समान म्हणून ५ : ४ लिहितात, का तर दोन्हींत दोन मिळवले. यावर राष्ट्रध्वज चांगला. लांबी-उंचीचं गुणोत्तर ३ : २ ठरलेलं आहे. प्रमाणित आकारांत सर्वांत लहान ध्वज १५० × १०० मिलिमीटरचा, सर्वांत मोठा ६३०० × ४२०० चा. फरक एकात ५०, दुसऱ्यात २१००, तरी आकार तोच. दोन्ही कागदावर लहान करून काढायला लावा.

दुसरा घोळ भाग आणि एकूण यांतला. इडलीला तांदूळ आणि उडीदडाळ ३ : १ घेतली, तर डाळ तांदळाच्या एक तृतीयांश, पण एकूण धान्याच्या एक चतुर्थांश. दोन्ही मिळून ८ वाट्या भिजवायच्या असतील तर डाळ किती? बहुतेक मुलं ८ ला ३ ने भागायला लागतात. तेव्हा उत्तर सांगू नका, वाट्या मांडायला लावा: तीन तांदळाच्या, एक डाळीची, असे दोन गट झाले की आठ भरतात.