अमेरिकेतील घटस्फोट भारतात ग्राह्य ठरण्यासाठी

ताई, तुमचे लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झाले असेल, तर अमेरिकी न्यायालयाचा हुकूमनामा हाती आला म्हणजे भारतातही विवाह संपला, असे कृपया गृहीत धरू नका. परदेशी न्यायालयांच्या निकालांविषयीचे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ आणि परदेशी घटस्फोटाच्या एका खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ सालचा नरसिंह राव निकाल यांनुसार, दुसऱ्या जोडीदाराने तिथे स्वेच्छेने बाजू मांडली किंवा संमती दिली का आणि घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यात बसते का, हे प्रामुख्याने पाहिले जाते. नुसती नोटीस बजावली होती, एवढ्याने भागत नाही. ‘मतभेद मिटणे अशक्य’ हे तिथले नेहमीचे कारण एकतर्फी हुकूमनाम्यात असेल, तर तो इथे सहसा टिकत नाही. दोघांची संमती असल्यास ती हुकूमनाम्यात स्पष्ट नोंदवून घ्या. विरोध असेल, तर पुनर्विवाहाआधी इथल्या कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक स्थितीच्या घोषणेचा (म्हणजे विवाह संपला की नाही, हे न्यायालयाने जाहीर करण्याचा) दावा लावा, कारण द्विविवाहाचा आरोप झाल्यास नव्या जोडीदारालाही त्याची झळ पोहोचते.